चिरुटाची पारख

रसज्ञता हा मनुष्याचा एक अलंकार आहे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहो. तंबोरा जुळत असताना जव्हारीतील किंचित दोष ज्याच्या कानास बोचतो, अत्तराचा फाया हुंगताच त्यातील चंदन खरे की खोटे हे जो सांगतो, देठाशी नाक नेऊन हा आंबा झाडावर पिकला की अढीत हे जो ओळखतो, त्याच्याविषयी आपल्या मनात आदर उत्पन्न होतो. हा आदर अस्थानी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु पारख करणाराने आपल्या पारखीत काय काय धरावे आणि काय वगळावे, ह्याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. आमच्याही मनात तो कधी आला नव्हता. गेल्या मार्गशीर्षात पवईस एका स्नेह्याच्या घरी घडलेल्या क्षुल्लक प्रसंगाने तो आणून दिला, आणि तेव्हापासून तो आम्हांस सोडीत नाही.

हे आमचे स्नेही व्यवसायानिमित्त वरचेवर परदेशी जातात. त्यांच्या सज्जातून पवईचा तलाव दिसतो, आणि सायंकाळी तलावावरून येणारा वारा घेत तेथे बसणे ही आम्हां चौघा मित्रांची जुनी चाल आहे. ह्या खेपेस त्यांनी क्यूबा बेटात हाताने वळलेल्या चिरुटांची एक पेटी आणिली होती. पेटीत पंचवीस चिरूट होते. त्यांची किंमत स्नेह्यांनी सांगितली नाही. त्यांच्या पत्नीने सांगितली, आणि तीही आम्ही न विचारता.

चिरूट पेटविण्यापूर्वी आम्हांस पाठ घ्यावा लागला. तो प्रथम डोळ्यांनी पाहावयाचा. वरच्या पानाच्या शिरा जाड दिसू नयेत, रंग एकसारखा असावा, पानावर तेलाची मंद झाक असावी. मग दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच चेपीत जावयाचे. कोठे पोकळ लागू नये, कोठे टणक लागू नये. मग तो न पेटविताच हुंगावयाचा, आणि टोक कापल्यावर एकदा कोराच ओढून पाहावयाचा. पेटविताना ज्योत पानास भिडू द्यावयाची नाही. धूर छातीत घ्यावयाचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यावयाचा. राख झाडण्याची घाई करावयाची नाही. भर चांगला असेल तर राख बोटाच्या पेराएवढी वाढली तरी ढळत नाही, आणि जळती कड सगळीकडून सारखी सरकत राहते. शेरलॉक होम्सने एकशे चाळीस प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर निबंध लिहिला होता, असे कॉनन डॉयल त्याच्या तोंडून वदवितो. १८८७ सालच्या त्याच्या पहिल्याच कथेत खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढीत होता हे तो राखेवरून ओळखतो. आमच्या स्नेह्यांस ही गोष्ट फार प्रिय आहे. ‘चिरूट’ हा शब्दही मूळचा तमिळ; ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेले. म्हणजे ज्या वस्तूची मातबरी हवानाकडे गेली, तिचे एक नाव तरी आपल्या दक्षिणेतून जगभर गेले आहे.

चवीचे वर्णन तीन टप्प्यांनी करावयाचे असते. पहिल्या तिसऱ्या हिश्शात ओल्या मातीचा आणि देवदाराचा वास, मधल्यात भाजलेली कॉफी, शेवटच्यात मिरे आणि चामडे. हे शब्द ऐकून आम्ही प्रथम हसलो. पण अर्ध्या घटकेने मिरे आम्हांसही लागले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हे ज्ञान केवळ थोतांड नव्हे. झाडाच्या खालच्या पानाने चिरूट नीट जळतो, मधल्या पानाने त्यास सुवास येतो, आणि शेंड्याकडच्या, उन्हात तापलेल्या पानाने त्यास जोर येतो. ह्या पानांचे प्रमाण कसे साधले आहे ते जिभेने ओळखावयाचे असते. वाळलेल्या पानांचे ढीग रचून ती आंबवितात, तेव्हा ढिगाच्या पोटात उष्णता निर्माण होते आणि नाकास झोंबणारा अमोनियाचा दर्प निघून जातो. क्यूबाच्या पश्चिमेस व्हुएल्ता अबाहो नावाचा जो मुलूख आहे तेथे वरच्या पानासाठी लावलेल्या रोपांवर कापडाचे मांडव घालतात, म्हणजे पान पातळ आणि मऊ होते. इतका खटाटोप ज्या वस्तूमागे आहे तिची बारकाईने चव घेणे हा तिचा सन्मानच, असे त्या वेळी आम्हांस वाटले. धूर तलावाकडे जात होता आणि आमची मने प्रसन्न होती.

आमच्यापैकी एकाचा चिरूट मात्र ओढला जाईना. गाल आत जाईपर्यंत जोर केला तरी धूर येईना. स्नेही खिन्न झाले. हवेतील ओलीला दोष द्यावा की दुकानदाराला, ह्याचा खल सुरू झाला. इतक्यात त्यांच्याकडे स्वयंपाकास असणाऱ्या मावशी चहाचे पेले न्यावयास आल्या. बशीत ठेवलेला तो विझका चिरूट त्यांनी उचलला, अंगठा आणि दोन बोटे ह्यांत एकदाच फिरविला, आणि मध्याच्या थोडे अलीकडे नख टेकवून म्हणाल्या, “साहेब, इथं भर गोळा झालाय. ह्याला ओढ लागायची नाही.”

स्नेह्यांनी विचारले, “मावशी, तुम्हांला कसं कळलं?”

मावशी मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातील. वयाच्या नवव्या वर्षापासून मुंबईस येईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, त्यांनी विड्या वळल्या होत्या. त्या आठ वर्षे ह्या घरी स्वयंपाक करीत आहेत आणि ही गोष्ट त्या घरात कोणास ठाऊक नव्हती. कारण कोणी विचारली नव्हती. त्यांनी चिरूट उलटसुलट करून पाहिला. “ह्याला दोरा नाही बांधत?” असे विचारले. टोपीसारखे एक लहान पान डिंकाने टोकास चिकटवितात, असे स्नेह्यांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग हात चांगला आहे. पण हा दमून वळलाय. संध्याकाळचा असेल.” दिवसाकाठी असे किती वळतात, ह्या त्यांच्या प्रश्नास स्नेह्यांनी ‘शंभराच्या आसपास’ असे उत्तर दिले, तेव्हा त्या हसल्या. “आम्ही हजाराला बसायचो,” त्या म्हणाल्या. मग अगदी सहज त्यांनी विचारले, “आणि छाट किती काढतात?”

‘छाट’ हा शब्द स्नेह्यांस ठाऊक नव्हता. आम्हांसही नव्हता, आणि मराठी भाषेचा थोडाफार अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस ह्याची लाज वाटली. मावशींनी तो समजावून दिला. रात्री टेंभुर्णीची पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावयाची. सकाळी पत्र्याचा माप पानावर धरून कात्रीने ती कापावयाची, मांडीवरच्या सुपात घेऊन चिमूटभर तंबाखू घालून वळावयाची, तोंड मोडावयाचे, दोरा बांधावयाचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे कट्टे घेऊन कारखान्यात जावयाचे. तेथे माल तपासणारा बसलेला असतो. तो कट्टा हातात घेऊन दाबतो, विड्या तोंडाकडून पाहतो, आणि ज्या त्याच्या मनास येत नाहीत त्या बाजूस फेकतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळावयाची नाही, आणि छाटलेल्या विड्या परतही मिळावयाच्या नाहीत. पान कमी भरले तर पदरचे पैसे घालून ते बाजारातून आणावयाचे, कारण दिलेल्या तंबाखूइतक्या विड्या मोजून द्याव्याच लागत. हे सर्व त्यांनी कोणतीही तक्रार न करता, पुरणाची कृती सांगावी तसे सांगितले. मग स्नेह्यांच्या विनंतीवरून त्यांनी पेटीतील उरलेले एकवीस चिरूट एकेक करून बोटांतून फिरविले आणि दोन वेगळे काढून ठेविले. स्नेही हर्षभरित झाले आणि त्यांनी एक नोट पुढे केली. ती मावशींनी घेतली नाही. “निवडायचं काम आमचं नव्हतं, साहेब,” त्या म्हणाल्या, “निवडणारा समोर बसायचा.” आणि पेले घेऊन आत गेल्या.

आता ह्या दोन परीक्षा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. सज्जात बसलेला रसिक चिरूट दाबून पाहतो, हुंगतो, त्याची कड सरळ जळते की नाही ते पाहतो; कारखान्यातील तपासनीस विडी दाबून पाहतो, तिचे तोंड पाहतो, तिची जाडी पाहतो. बोटांची क्रिया एकच आहे. दोघेही हातकामाचे परीक्षक आहेत, आणि दोघांचेही लक्ष हाताने कोठे चूक केली ह्याकडे आहे. परंतु एकाच्या पारखीने वस्तूची किंमत चढते आणि दुसऱ्याच्या पारखीने करणाराची मजुरी उतरते. पहिल्यास आपण रसज्ञ म्हणतो, दुसऱ्यास मालकाचा माणूस. ह्यात तपासनिसाची बाजू घेण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तथापि एका बाबतीत तो रसिकाहून अधिक सत्यनिष्ठ आहे, हे कबूल केले पाहिजे. ही विडी कोणीतरी वळली आहे, हे तो क्षणभरही विसरत नाही. ती बाई त्याच्या समोर उभी असते. आमच्या त्या सायंकाळच्या सगळ्या शब्दांत माती होती, देवदार होता, कॉफी होती, चामडेसुद्धा होते. फक्त हात नव्हता. आणि किंमत तर हाताचीच होती! यंत्राने वळलेला चिरूट स्वस्त मिळतो, हे स्नेह्यांनीच आम्हांस आरंभी सांगितले होते.

आपल्या कायद्याने मात्र ह्या दोघांस एका ओळीत बसविले होते. १९६६ साली संसदेने केलेल्या अधिनियमाचे नावच मुळी ‘विडी आणि सिगार कामगार’ असे होते. त्याखालील नियमांनी छाटीस मर्यादा घातली, आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर छाटलेल्या मालाचीही निम्मी मजुरी द्यावी असे ठरविले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. २०२० च्या श्रमसंहितेने तो आपल्या पोटात घेतला. नियम कागदावर होते त्याच काळात मावशी विड्या वळीत होत्या आणि त्यांना ते कोणी वाचून दाखविले नव्हते. सोलापुरात पुढे विडी कामगार स्त्रियांनी संघटित होऊन पुष्कळ मिळविले. कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची जी वसाहत उभी राहिली आणि २००६ साली जिची घरे ह्या स्त्रियांच्या हाती आली, ती पाहण्यासारखी आहे. मावशी तत्पूर्वीच सोलापूर सोडून आल्या होत्या.

नावांचा विषय निघालाच आहे. चिरुटाच्या कमरेस कागदाची जी सोनेरी पट्टी असते तिच्यावर नाव असते. ते कधी कादंबरीच्या नायकाचे, कधी शेक्सपिअरच्या प्रेमिकांचे, कधी कारखाना काढणाऱ्या सावकाराचे. वळणाराचे नाव तीवर नसते. ही केवळ हवानाची रीत नव्हे. ज्या पवईत आम्ही बसलो होतो तेथील जमीनजुमला १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी बनाजी ह्या पारशी गृहस्थांकडे आला. त्यांनी तेथे ऊस, नीळ, तुती इत्यादिकांचे नाना प्रयोग केले, आणि १८३८ साली मुंबईच्या आंब्यांची करंडी व्हिक्टोरिया राणीस धाडली. फ्रामजींची उद्यमशीलता थोर होती, त्यांचे नाव राहिले ते योग्यच झाले. पण आंबा कोणता उतरावयाचा, कोणता आणखी दोन दिवस झाडावर ठेवावयाचा, हे ज्याने ठरविले आणि झेल्याने तो अलगद उतरविला, तो माळीही पारखीच होता. आणि त्याची पारख चुकली असती तर फ्रामजींची कीर्ती वाटेतच नासली असती.

क्यूबाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती आम्हांस फार आवडते. तेथील कारखान्यांत १८६५ पासून एक विलक्षण प्रघात पडला. शेकडो कामगार एका दालनात ओळीने बसून चिरूट वळीत असताना एक वाचक उंच आसनावर बसून त्यांस वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि कोणते पुस्तक वाचावयाचे तेही बहुधा तेच ठरवीत. अलेक्झांद्र द्युमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ त्यांस इतकी प्रिय झाली की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटास तिचेच नाव मिळाले. हात गुंतलेले, कान मोकळे. अशा दालनांतून स्वातंत्र्याचे विचार पसरले ह्यात नवल नाही, आणि होसे मार्तीस अमेरिकेतील क्यूबन चिरूट-कामगारांनी वर्गणी जमवून दिली हेही ओघानेच आले. आमची विडी वळणारी बाई आपापल्या घरी, आपापल्या उंबऱ्याशी, एकेकटी बसते. चूल, पोर आणि सूप ही तिन्ही तिच्या एकाच मांडीवर. तिला वाचून दाखविणार कोण? विडी आणि चिरूट ह्यांच्या किमतीतील अंतराहून हे अंतर आम्हांस अधिक मोठे वाटते.

येथवर आम्ही तंबाखूच्या अपायाविषयी मौन धरिले, ते तो प्रश्न गौण म्हणून नव्हे. धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंडाचा आणि घशाचा कर्करोग टळत नाही, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या ओसरीवर एक सकाळ काढली तर कोणत्याही व्याख्यानाची गरज राहत नाही. विडीच्या सुपातील तंबाखूची भुकटी वळणारीच्या नाकातोंडात वर्षानुवर्षे जाते, ते वेगळेच. मग अशा वस्तूत रसज्ञता संपादन करणे हा गुण की दोष? आमचे मत असे की, बारीक चव घेतल्याने विषाचे विषपण कमी होत नाही. मात्र त्यास विद्येचे वस्त्र मिळते, आणि वस्त्र नेसलेल्या गोष्टीकडे बोट दाखविणे सभ्य मनुष्यास अवघड जाते. ‘चामडे आणि मिरे’ म्हणता म्हणता ‘तंबाखू’ हा शब्दच आमच्या तोंडून त्या सायंकाळी नाहीसा झाला होता.

असद बेग नावाचा अकबराचा एक सरदार विजापुरास वकिलातीवर गेला होता. तेथून परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेविली. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. हकीम आडवा आला. आमच्या वैद्यकग्रंथांत ह्या वस्तूचा उल्लेख नाही, म्हणून ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगाने उत्तर दिले की जगातील प्रत्येक चाल कधी ना कधी नवीच होती, आणि फिरंग्यांतही शहाणे आहेत; त्यांनी ती पारखल्याखेरीज का घेतली असेल? हा वाद अकबरास फार आवडला. त्याने असद बेगाची वाहवा केली, आणि तंबाखू स्वतः पुन्हा घेतली नाही. दरबारातील उमरावांनी मात्र ती ताबडतोब उचलली. युक्तिवाद चांगला आहे म्हणून वस्तू चांगली ठरत नाही, हे त्या दरबारात एकट्या बादशहास कळले होते असे दिसते.

आमच्या स्नेह्यांपुढे आम्ही हे सर्व बोललो तेव्हा ते संतापले नाहीत. ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी प्रतिप्रश्न केला, “मग तंबोराही ऐकू नका. मिरजेत भोपळा कोरणारा कारागीर तरी कोठे गर्भश्रीमंत आहे? प्रत्येक सुखामागचा घाम मोजावयास बसलात तर जेवणही गोड लागणार नाही.” हा आक्षेप हलका नाही, आणि त्यास पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. इतकेच म्हणतो की मिरजेस गवई स्वतः जातो. तंबोरा करणाराच्या दुकानी मांडी ठोकून बसतो, जव्हारी लावून घेतो, त्यास नावाने हाक मारतो, क्वचित त्याच्याशी भांडतो. ‘हा अमक्याच्या हातचा’ असे म्हटल्यावाचून त्या वाद्याचे वर्णन पुरे होत नाही. तेथील पारखीत हात वगळलेला नाही, आणि त्या वाद्याने ना करणारास खोकला येतो ना ऐकणारास. घाम मोजावा असे आम्ही म्हणत नाही. पण दमलेला हात मावशींना एका स्पर्शात कळला आणि आम्हां चौघांस तासभर चव घेऊनही कळला नाही, मग त्या तासास आम्ही पारख कोणत्या तोंडाने म्हणावे?

स्नेही ह्यावर काही बोलले नाहीत. पेटी अद्याप संपलेली नाही. मावशींनी वेगळे काढलेले दोन चिरूट तिच्या कोपऱ्यात तसेच आहेत. आम्ही पुन्हा एकदा त्या सज्जात बसलो तेव्हा स्नेह्यांनी पेटी आमच्यापुढे सरकविली. त्याच वेळी मावशी पेले न्यावयास आल्या, आणि आमचा पुढे झालेला हात मागे आला. तो प्रकृतीच्या भीतीने आला की लाजेने, ह्याचा निर्णय आमच्याने अजून झालेला नाही.